वसईचा मनोरा आणि दूर गेलेल्या घंटा

वसईच्या किल्ल्यात बंदराच्या बाजूने शिरले की डाव्या-उजव्या झाडीतून एक उंच चौकोनी मनोरा डोके वर काढतो. सेंट जोसेफच्या चर्चचा हा मनोरा. आत छप्पर नाही, वेदी नाही. भिंती आहेत, कमानी आहेत आणि मनोऱ्यात वर जाणारा अरुंद दगडी जिना आहे. या वास्तूला आज सर्रास ‘कॅथेड्रल’ म्हटले जाते. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत तसे छापलेले असते, वाटाडे तसे सांगतात. आम्हांला या लेखात या एका शब्दापासूनच सुरुवात करायची आहे, कारण या शब्दात वसईचा बराचसा इतिहास अडकून पडला आहे.

कॅथेड्रल म्हणजे मोठे चर्च नव्हे. मूळ ग्रीक-लॅटिन शब्दाचा अर्थ आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल, मग ते आकाराने लहान का असेना. आपल्याकडचा ‘पीठ’ हा शब्द याच्या फार जवळ जातो. शंकराचार्यांचे पीठ म्हणताना आपण इमारतीविषयी बोलत नसतो, अधिकाराच्या जागेविषयी बोलत असतो. गोव्याच्या मुख्य चर्चला पोर्तुगीज ‘से’ म्हणतात, त्याचाही अर्थ आसनच. वसईत पोर्तुगीज अमदानीत असे आसन कधीच नव्हते. वसईचे सेंट जोसेफ हे ‘मात्रिझ’ होते, म्हणजे शहराचे मातृचर्च, मुख्य पॅरिश चर्च. त्याच्यावरची सत्ता गोव्याच्या आर्चबिशपची. म्हणजे आज जिला आपण कॅथेड्रल म्हणतो ती वास्तू, ती जिवंत होती तेव्हा कॅथेड्रल नव्हती. पडझड झाल्यावर तिची पदोन्नती झाली!

दुसरा अडचणीचा शब्द ‘मध्ययुगीन’. युरोपच्या कालगणनेत मध्ययुग पंधराव्या शतकाबरोबर संपते. शार्त्र किंवा पॅरिसचे नोत्र दाम ही मध्ययुगीन कॅथेड्रले बाराव्या-तेराव्या शतकांतली. वसईचे चर्च सोळाव्या शतकाच्या मध्यावरचे, म्हणजे त्या हिशोबाने ते प्रबोधनकाळाचे अपत्य. पण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आपण मध्ययुग थेट १८१८ पर्यंत ओढत आणतो, आणि त्या मापाने सेंट जोसेफ हे अस्सल मध्ययुगीन ठरते. विद्यार्थ्यांनी या दोन मापांचा घोळ करू नये एवढ्यासाठी हे सांगितले. शिवाय यात एक उपयोगाची गोष्ट आहे. वसईची वीट रचली जात होती तेव्हा पैठणला एकनाथ लहानाचे मोठे होत होते. परंपरेने एकनाथांचा जन्म १५३३ चा मानतात. गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली ती २३ डिसेंबर १५३४ रोजी. एकनाथी भागवत वाराणसीला पूर्ण झाले ते १५७३ साली. आपल्या अभ्यासक्रमात या दोन गोष्टी वेगवेगळ्या पुस्तकांत असतात आणि एकमेकींना कधी भेटत नाहीत.

आम्ही पिंगळीचे. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे लहानसे स्थानक; समुद्र इथून शेकडो मैल दूर. कोकणातल्या एका पडक्या चर्चशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दोन आहेत. पहिला जुना: सातवाहनांच्या काळी पैठण आणि तेर या मराठवाड्यातल्या बाजारपेठांचा माल घाट उतरून ज्या बंदरांतून जात असे त्यांत सोपारा हे प्रमुख होते, आणि सोपारा वसईच्या शेजारीच आहे. दुसरा भाषेचा: पगार, चावी, लिलाव, बटाटा, पाव हे शब्द परभणीच्या मोंढ्यात ज्याने समुद्र पाहिलेला नाही असा माणूसही रोज वापरतो, आणि ते सगळे पोर्तुगिजांच्या तारवांतून उतरलेले आहेत.

तिसरेही एक कारण आहे, ते जरा अवघड. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. त्यामुळे वसईचा विजय हा पुण्याकडे जसा घरचा म्हणून सांगितला जातो तसा तो आमच्या घरात सांगितला गेला नाही. तो आम्ही पाठ्यपुस्तकात वाचला. कधीकधी अशा अंतराचा फायदा होतो.

चर्चची उभारणी १५४६ च्या सुमारास सुरू झाली. त्या वर्षी पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने गोव्याचा गव्हर्नर जुआंव द काश्त्रु याला वसईत मोठे चर्च बांधण्याविषयी लिहिले. या व्यवहारातला एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. पूर्वीच्या राजवटीत वसईच्या मशिदींना जी रक्कम महसुलातून मिळत असे ती आता नव्या धर्माच्या प्रसाराकडे वळवण्यात आली. दिवाबत्तीचा पैसा तोच, दिवे बदलले. राज्य बदलले की देवस्थानाची सनद बदलते हे आपल्याला नवे नाही. पण चर्चच्या जन्माच्या वेळीच दुसऱ्या एका धर्मस्थळाचे उत्पन्न त्याच्या पदरात पडले, हे चर्चच्या इतिहासात लिहिले गेले पाहिजे, आणि ते बहुधा लिहिले जात नाही.

तितकेच हेही लिहिले पाहिजे की त्या दशकांत वसई आणि साष्टीतली देवळे पाडली गेली. फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियु दु पोर्तु याचे नाव या संदर्भात वारंवार येते. मंडपेश्वरची शैव लेणी चर्च झाली. निर्मळच्या विमलेश्वराचे देऊळ गेले ते पुन्हा उभे राहायला पेशवाई यावी लागली. ‘महिकावतीची बखर’, जी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९२४ साली आपल्या प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली, ती उत्तर कोकणातल्या याच पट्ट्याची. बखर वाचताना असे जाणवते की इथल्या माणसांनी एका पाठोपाठ एक राजवटी अंगावर घेतल्या आणि प्रत्येक वेळी आपली वतने, आपली कुळे, आपले देव कसे टिकतील याचीच चिंता केली. पोर्तुगीज हे त्या मालिकेतले एक. मात्र कुळाबरोबर देवही बदलावा असा आग्रह धरणारे ते निराळेच.

वसई मग भरभराटीला आली. ‘उत्तरेची राजधानी’ म्हणून तिचा लौकिक झाला. दमणपासून चौलपर्यंतच्या पोर्तुगीज मुलखाचा कारभार येथून चाले. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, दोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्या पंथांनी आपापले मठ आणि चर्च बांधले. दहा बुरुजांच्या एका तटबंदीत इतके मनोरे आणि इतक्या घंटा! याच गावात १५५६ च्या आसपास पोर्तुगीज बाप आणि इथली आई यांच्या पोटी जन्मलेला गोन्सालो गार्सिया पुढे व्यापारी झाला, मग फ्रान्सिस्कन झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत वसईचा, हे मराठी माणसाच्या सामान्यज्ञानात अजून पुरेसे उतरलेले नाही.

सेंट जोसेफवर एक शिलालेख होता तो पोर्तुगीज भाषेत. १६०१ साली, दों फ्रे आलेशु द मेनेझिस हे आर्चबिशप प्रिमेट असताना आणि पेद्रु गाल्वांव पेरैर हे व्हिकर असताना या मातृचर्चचा जीर्णोद्धार झाला, असा त्याचा आशय. इतकाच. देवाची स्तुती नाही, राजाचा जयजयकार नाही. आपल्याकडच्या यादवकालीन शिलालेखांत शापवचने असतात, दानाचे आकडे असतात, चंद्र-सूर्य असतात; त्यांच्यापुढे हा लेख एखाद्या दप्तरातल्या नोंदीसारखा वाटतो. पण मेनेझिस हे नाव साधे नाही. १५९५ पासून १६१२ पर्यंत गोव्याचे हे आर्चबिशप. १५९९ साली केरळात उदयंपेरूर येथे सभा भरवून तिथल्या प्राचीन सुरियानी ख्रिस्ती परंपरेला रोमच्या शिस्तीत बसवण्याचा खटाटोप यांनीच केला, आणि त्या कामात तिथले अनेक जुने ग्रंथ जळाले. वसईचा मनोरा ज्या काळात नवा होत होता त्याच काळात, त्याच अधिकाराखाली, दुसरीकडे ग्रंथ जळत होते. साहित्याच्या अभ्यासकांना हे समकालत्व टाळता येणार नाही.

आणि तरीही त्याच चर्चच्या छायेत मराठी लिहिली गेली. १५७९ साली गोव्याला आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले, रोमी लिपीत. त्या आणि त्यापुढच्या दोन जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत उरली नाही. आपण जे वाचतो ते १९०७ साली मंगळूरला सिद्ध झालेल्या आवृत्तीच्या आधाराने. स्टीफन्स वारला १६१९ साली, आणि गोव्याच्या से कॅथेड्रलचे १५६२ पासून चाललेले मुख्य बांधकाम पुरे झाले तेही १६१९ सालीच. एक इमारत उभी राहिली ती अजून उभी आहे, जरी १७७६ साली तिचा एक मनोरा कोसळला. दुसरी, शब्दांची, हस्तलिखितांच्या आधाराने कशीबशी वाचली. उत्तर कोकणाच्या वाट्यालाही असेच एक पुराण आले: फ्रान्सिस्कु वाझ द गिमरांइश या पाद्र्याचे ख्रिस्ताच्या दुःखभोगावरचे काव्य, जे १६५९ चे. अ. का. प्रियोळकरांनी ते मराठी अभ्यासकांपुढे आणले. स्टीफन्सची भाषा घासूनपुसून घेतलेली, संतकाव्याचा कान असलेली. गिमरांइशची भाषा वसई-मुंबईकडच्या बोलीची माती लागलेली. आमच्या वर्गांतून पहिल्याला एखादा तास मिळतो, दुसऱ्याला तोही नाही. हा अन्याय वाङ्मयीन गुणांवरून झाला असता तर आम्ही गप्प बसलो असतो, पण तो न वाचता झालेला आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वसईला ओहोटी लागली. १६७४ साली मस्कतच्या अरबांनी उतरून तटाबाहेरची चर्चे लुटली. १६९५ साली आलेला इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी याने शहराचा एक मोठा भाग साथीच्या रोगाने ओस पडल्याचे नमूद केले आहे. म्हणजे १७३९ च्या आधीच शहर आतून पोकळ होत चालले होते. विजयाच्या कथा हा भाग सांगत नाहीत, कारण शत्रू जितका बलाढ्य तितका विजय मोठा.

पण विजय मोठा होता यात शंका नाही. १७३७ साली ठाणे आणि साष्टी घेतल्यावर चिमाजी अप्पांनी १७३९ च्या फेब्रुवारीत वसईला वेढा घातला. मे महिन्यात सुरुंगांनी तटाला भगदाडे पडली, एकामागून एक हल्ले झाले, माणसे पडली ती हजारांच्या हिशोबात. १६ मे रोजी पोर्तुगिजांनी शरणागतीची कलमे मान्य केली आणि आठवड्याभरात ते किल्ला सोडून निघाले. शरणागतांना कुटुंबकबिला आणि चीजवस्तूसह जाऊ द्यावे आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता यावा, हेही त्या कलमांत होते. चिमाजींनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात या लढाईचे जे वर्णन आहे त्यात शत्रूच्या चिवटपणाची कबुलीही आहे. मराठी गद्याच्या अभ्यासकाने ते पत्र बखरीच्या शेजारी ठेवून वाचावे. बखरकार घडून गेल्यावर लिहितो, त्याला शेवट माहीत असतो. पत्र लिहिणाऱ्याच्या कानात अजून तोफा असतात.

वसईचे नाव बाजीपूर झाले. ते टिकले नाही. किल्ल्यातल्या चर्चांच्या घंटा मात्र उतरवण्यात आल्या आणि विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभर गेल्या. एक भीमाशंकरला, जिच्यावर १७२९ हे साल आहे. एक वाईजवळ मेणवलीला, १७०७ सालची. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मरियम कोरलेली आहे आणि ती नाना फडणविसांच्या घाटावर महादेवासमोर टांगलेली आहे. (‘स्वदेस’ या २००४ सालच्या चित्रपटात हा घाट लाखो लोकांनी पाहिला, घंटेकडे किती जणांचे लक्ष गेले कोण जाणे.) नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर एक आहे, १७२१ सालची, पोर्तुगीज अक्षरांची. ही घंटा तर मराठी भाषेतच शिरली. मोठ्या आवाजाला, किंवा कोठेही वाजत राहणाऱ्या माणसाला, ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. म्हण वापरणाऱ्याला ती कोणत्या समुद्रावरून आली हे ठाऊक असण्याची गरज नसते.

यांतली एखादी सेंट जोसेफच्या मनोऱ्यातलीच, असे म्हणण्याचा मोह आवरावा. किल्ल्यात चर्च आणि मठ पुष्कळ होते, त्यामुळे मनोरे आणि घंटा यांच्या जोड्या लावणे हा कल्पनेचा खेळ होईल. पण एकत्रितपणे पाहिले तर चित्र स्पष्ट आहे. मनोरे वसईत राहिले, आवाज घाटावर गेला. तो आवाज जिंकणाऱ्यांनी फोडला नाही, वितळवून तोफा ओतल्या नाहीत, देवापुढे बांधला. यात विजयाचा दर्प आहे, आणि घंटा ही अखेर देवाचीच वस्तू आहे अशी एक साधी श्रद्धाही आहे. दोन्ही खरे आहेत. यांतले एकच खरे म्हणणाऱ्यांचे लेख आम्ही दोन्ही बाजूंनी वाचले आहेत आणि दोन्ही बाजूंचे लेख सारखेच कंटाळवाणे आहेत. नाशिकची घंटा गोदावरीच्या पुराचे मापही झाली. पाणी तिच्यापर्यंत चढले की पूर मोठा. तीच गोदावरी पुढे पैठणावरून एकनाथांच्या गावाला वळसा घालून आमच्या जिल्ह्यात जनाबाईच्या गंगाखेडला येते.

नंतरचा इतिहास चटकन सांगता येतो. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला तोही वसईचाच. चिमाजींनी जिथे पोर्तुगिजांना शरण आणले तिथेच त्रेसष्ट वर्षांनी त्यांच्या पुतण्याच्या मुलाने स्वातंत्र्य गहाण टाकले. ब्रिटिश अमलात किल्ल्याच्या आवारात ऊस लावून साखर काढण्याचाही एक प्रयत्न झाला. चर्चवर वड-पिंपळ उगवले. १८७६ साली गोमंतकीय डॉक्टर जुझे गेर्सन द कुन्या यांनी चौल आणि वसईच्या इतिहासावरचे आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि या भग्नावशेषांतले शिलालेख टिपून ठेवले. १६०१ चा लेख आज आपल्याला वाचता येतो तो मुख्यतः त्यांच्यासारख्यांच्या चिकाटीमुळे. हा माणूस वैद्यकीचा धंदा सांभाळून नाणी, शिलालेख आणि भाषा यांच्यामागे धावत होता. आता किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, आणि तिथे लग्नाआधीची छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते. २०१६ साली ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश गायकवृंदाच्या एका गाण्यातही ही खिंडारे झळकली.

वसईचे ख्रिस्ती मात्र खिंडार झाले नाहीत. पोर्तुगीज गेले, मनोरे मुके झाले, पण वाडवळ, सामवेदी, कोळी अशा समाजांतले जे ख्रिस्ती झाले होते ते आपल्या वाड्यांवर, आपल्या केळीच्या आणि पानवेलीच्या बागांत राहिले आणि आपली मराठी बोली बोलत राहिले. सामवेदी ख्रिस्ती समाजाची बोली आजही मराठीच्या अभ्यासकाला भरपूर काही देऊ शकते. ज्यांना ‘पोर्तुगिजांचे वारस’ म्हणून हिणवले गेले ते भाषेने कधीच पोर्तुगीज नव्हते. भाषाशास्त्राची ही साक्ष इतिहासाच्या वादात कोणी काढत नाही, आणि आमच्या मते या साऱ्या प्रकरणातली ती सर्वांत भक्कम साक्ष आहे.

२२ मे १९९८ रोजी मुंबईच्या आर्चडायोसीजमधून वसईचा डायोसीज वेगळा झाला. म्हणजे पहिल्या पोर्तुगीज तहानंतर ४६३ वर्षांनी वसईला बिशपचे आसन मिळाले. ते किल्ल्यातल्या मनोऱ्याखाली ठेवले गेले नाही, किल्ल्याबाहेर पापडीच्या ‘अवर लेडी ऑफ ग्रेस’ चर्चमध्ये ठेवले गेले. वसईचे खरे कॅथेड्रल ते, आणि तिथली प्रार्थना मराठीत होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच भागातल्या नंदाखालचे. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला विरोधाचे सूरही उठले होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. वसईहून निघून एक मराठी पाद्री आमच्या मराठवाड्यात साहित्याच्या व्यासपीठावर बसला. ज्या तेरचा माल कधी काळी सोपाऱ्याला जात असे, ते तेर त्याच जिल्ह्यात आहे.